लीलाबाईच्या दोन सह्या

टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळेत घंटा साडेदहाला होते. लीलाबाई मडावीची चूल त्याच्या तासभर आधीच पेटलेली असते. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, देवरीपासून अकरा किलोमीटर आत. दोन वर्गखोल्या, एक व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला खिचडी शिजवायची खोली. त्या खोलीत लीलाबाईने बारा वर्षं काढली. तिच्या हातची खिचडी आणि तिच्या तोंडच्या शिव्या खाल्ल्या नाहीत असं एक पोरगं टोल्यावर सापडायचं नाही. शिव्या मात्र गेल्या पावसाळ्यापासून बंद होत्या.

पावसाळ्यात तिचा मुलगा गेला. योगराज, एकुलता एक. देवरीहून मोटरसायकलवर येत होता, हायवेवर ट्रकने उडवलं. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. लोकांनी तेव्हा पुष्कळ सांगितलं, लीलाबाईने ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. ती रडली नाही. दहाव्या दिवशी शाळेत येऊन तांदूळ निवडायला बसली. तापलेल्या गंजावरचं, त्या मोठ्या पातेल्यावरचं, झाकण तिने फडकं न घेता उचललं, बाजूला ठेवलं, आणि बोटांना फोड आलेत हे तिला दुपारी कोणी दाखवलं तेव्हा कळलं. बाई दगडाची आहे, असं गाव म्हणालं. म्हणायला काय लागतं.

घरात आता दोघीच. ती आणि नात दिव्या, सातवीतली. दिव्याची माय पोरगी तीन वर्षांची असतानाच दुसरं घर करून छत्तीसगडात निघून गेली होती, तिचा विषय घरात निघत नसे. बाप गेला त्या दिवसापासून दिव्या बोलायची बंद झाली. रुसवा नाही, हट्ट नाही. हाक मारली की यायची, पाणी भरायची, जेवायची, मान हलवायची. शब्द तेवढा नाही. लीलाबाईने तिला बसने गोंदियाला नेलं. डॉक्टरने घशात उजेड पाडून पाहिलं. "गले में कुछ नहीं है, माताजी," तो म्हणाला. "टाइम दो." जसा काही टाइम लीलाबाईच्या घरात पोत्याने भरून ठेवला होता.

एकाच ठिकाणी दिव्याचा आवाज निघायचा. सकाळच्या परिपाठात. पाचवीपासून प्रार्थना सांगायचं काम तिचं होतं. ती एक ओळ म्हणणार, मग बाकीची पोरं तिच्या मागून. बाप गेल्यावर ती पहिल्यांदा शाळेत आली त्या दिवशीही गुरुजींनी सवयीने तिला पुढे उभं केलं. व्हरांड्यात टेबलावर सरस्वतीचा फोटो होता. दिव्याने त्याच्याकडे पाहून तोंड उघडलं आणि आवाज आला. पहिल्यासारखाच, खणखणीत.

खोलीत लीलाबाईच्या हातातली पळी थांबली. त्या देवीचं तिला काही सोयरसुतक नव्हतं. बोल कोणते, अर्थ काय, हे तिने बारा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिला फक्त आवाज पाहिजे होता, दिवसातून तीन मिनिटं. बाकी दिवस मग कसाही गेला तरी चालायचा.

आता हाताची गोष्ट सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ त्या हातांचाच झाला.

या मडाव्यांच्या घरची रीत अशी, की माणूस गेला म्हणजे तो लगेच घरात येत नाही. तो पाण्यात जाऊन राहतो. धानाची कापणी-मळणी उरकली की शिमग्याच्या आधी दिवस ठरतो आणि घरचे नाल्यावर जातात. गेलेल्याच्या पोटच्या लेकराने त्याला नाव घेऊन हाक मारायची. हाक गेली की लोटा पाण्यात बुडवायचा. मासोळी येवो, झिंगा येवो, खेकड्याचं पिल्लू येवो, लोट्यात येईल तो तोच. त्याला घरी आणून वाडवडिलांच्या देवांत बसवायचं. लीलाबाईचा नवरा सुकराम असाच आला होता, योगराजच्या हाकेने, आणि घरातल्या कोपऱ्यात बसला होता. आणि माणूस बाहेर आहे तोवर घरातल्या कोणी कोणत्याच देवापुढे हात जोडायचे नाहीत. आपल्याही नाही, परक्याही नाही. घरचा माणूस दाराबाहेर ताटकळत असताना बाकीच्यांना नमस्कार कोण करत बसतं?

म्हणून दिव्या प्रार्थना म्हणायची ती हात खाली सोडून. सहा महिने हे कोणाच्या नजरेला आलं नाही. भैय्यालाल बिसेन गुरुजींच्याही नाही. गुरुजी माणूस वाईट नव्हता. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती आणि ती बिनघोर जावीत एवढंच त्यांचं मागणं होतं. प्रार्थना चालू असताना ते डोळे मिटून उभे राहायचे.

लीलाबाईच्या मनात एकच हिशेब होता, आणि तो धानाचा नव्हता. शिमग्याआधी नाल्यावर दिव्याने हाक मारली पाहिजे. जातीतला जुना जाणता म्हातारा कवडू, जो हे सगळं करवून घ्यायचा, त्याला तिने एकदा विचारून पाहिलं होतं, की पोरीच्या बदली मी मारली तर?

"मायनं हाक मारली तर तो लेकरू होऊन येते," कवडू म्हणाला. "मंग देवात कसा बसंल? हाक पोरीचीच पाह्यजे. नाही आली, तर थांबू एक साल."

एक साल आणखी पाण्यात. थंडीत, उन्हाळ्यात नाला आटतो तेव्हा चिखलात. शाळेत तीन मिनिटं निघतो तो आवाज नाल्यावर एका हाकेपुरता निघेलच, असं लीलाबाईने धरून ठेवलं होतं. दुसरं धरायला काही नव्हतंच.

मग सव्वीस जानेवारी आली. झेंडा झाला, पाहुणे खुर्च्यांवर बसले, शाळा समितीचा अध्यक्ष उमेंद्र कटरे फोन काढून व्हिडिओ घेऊ लागला. उमेंद्र योगराजच्याच वर्गातला. शाळेला पंखे त्यानेच मिळवून दिले होते. दिव्या पुढे आली, हात खाली सोडून तिने प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उमेंद्रने व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला तो कौतुकानेच टाकला होता. संध्याकाळपर्यंत लोकांना त्यातले हात दिसले, आणि ते लिहू लागले. सरस्वतीचा अपमान, कोणी शिकवलं हे पोरीला, शाळेत काय चालू आहे. रातोरात तो व्हिडिओ देवरीला पोचला, तिथून आणखी दुसऱ्या ग्रुपांत गेला, आणि तिथे लोक उलटं बोलू लागले, की पोरीची हिंमत बघा, आदिवासीची पोर आहे, झुकली नाही. ज्या पोरीच्या तोंडून घरात 'हो' निघत नव्हतं, तिच्या वतीने अर्धा तालुका बोलून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी उमेंद्र घरी आला. ओट्यावर बसला.

"काकी, मी तुमच्या घरचाच आहे. पन गाव बोलून राहिलं. पोरीनं हात काऊन नाही जोडले?" असं त्याने विचारलं, पण उत्तराला थांबला नाही. "तुमचा योगराज माझ्या बाजूले बसून हेच मनत होता. तवा कोनाचा धरम बुडाला? एक साधा कागद आहे. पोरीची चूक झाली, पुढं हात जोडंल. एवढी सही करा, मॅटर खतम. नाहीतर तिले पुढून काढतीन."

'पुढून काढतीन' एवढंच लीलाबाईच्या कानात शिरलं. उमेंद्रने कागदावर बोट ठेवलं. तिने तिथे सही केली.

बोट ठेवलं की सही, हा तिचा बारा वर्षांचा रिवाज. रोज दुपारी गुरुजी खिचडीची वही पुढे करायचे, रकान्यावर बोट ठेवायचे, ती राख लागलेला हात लुगड्याला पुसून 'लीलाबाई' असं काढायची. वहीत काय लिहिलंय ते तिने कधी वाचलं नाही, आणि त्याने कधी तिचं वाईट झालं नाही. मग आता दुसरं काय करायला पाहिजे होतं, हे तिला कोणी सांगितलं होतं का?

तिसऱ्या दिवशी देवरीहून चंद्रकुमार आला. लीलाबाईच्याच समाजातला पोरगा, वकिलीचं शिकणारा, गळ्यात समाजाच्या संघटनेचा पिवळा दुपट्टा. "जय सेवा, आजी," म्हणाला, पाया पडायला वाकला आणि आठवण होऊन तसाच सरळ झाला, कारण माणूस बाहेर असलेल्या घरात कोणी कोणाच्या पायाही पडत नाही, ही रीत त्याला ठाऊक होती. हे लीलाबाईला दिसलं. टोल्याबाहेरून आलेल्या माणसांत तेवढ्या एकालाच ते ठाऊक होतं. पण त्याच्या डोक्यात मोठी गोष्ट चालू होती.

"आजी, सरकारच्या पैशावर चालनाऱ्या शाळेत कोन्याच धर्माचं शिकवता येत नाही. कायद्यात लिहिलं आहे, कलम अठ्ठावीस. आपल्या देवाचं नाव शाळेत कोन घेते? मंग आपल्या लेकराईनं त्यायच्या देवापुढं कायले उभं राहायचं? मीबी उभा राहिलो सात वर्षं. घरी येऊन आपल्या देवाची लाज वाटत होती मले." त्यात खोटं काही नव्हतं. "पोरीले कोनी हात लावनार नाही, हे आपन पाहू. इथं सही करा."

त्याने बोट ठेवलं.

दोन्ही कागद पंचायत समितीत एकाच दिवशी पोचले. एकात लिहिलेलं, नात पुढे हात जोडून प्रार्थना म्हणेल. दुसऱ्यात लिहिलेलं, प्रार्थना बंद करा. खाली दोन्हीकडे लीलाबाई. तिथल्या साहेबाने कपाळाला हात लावला म्हणे. या बाईला नेमकं काय पाहिजे, असं तो म्हणाला, आणि ते विचारायला अकरा किलोमीटर कोणी आलं नाही. दोन दिवसांनी गुरुजींना फोन आला. फोटो कपाटात ठेवा, प्रार्थना बंद, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि दोन मिनिटं मौन एवढंच घ्या. आणि ती मुलगी काही दिवस पुढे उभी करू नका, पुन्हा व्हिडिओ नको.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला लीलाबाई पळी थांबवून उभी राहिली. राष्ट्रगीत झालं. प्रतिज्ञा झाली. सहावीतल्या हिमांशूने उद्देशिका वाचली, 'उपासना' शब्दावर अडखळला, गुरुजींनी सांगितल्यावर पुढे गेला. मग मौन. व्हरांड्यात एक्केचाळीस पोरं गप्प उभी होती आणि त्यांत दिव्या कुठे होती ते दिसतही नव्हतं. मौन संपलं, पोरं वर्गात गेली, खिचडी खाली लागली. जळक्याचा वास सगळ्या शाळेला आला, एक लीलाबाईला सोडून.

असे बारा दिवस गेले. दिव्याचं तोंड आता कुठेच उघडत नव्हतं. उमेंद्र भेटला की म्हणायचा, काकी, तुम्ही मले फसवलं. चंद्रकुमारने फोन करून सांगितलं, आजी, आपन जिंकलो. लीलाबाई दोघांनाही 'हौ' म्हणाली. कवडूने निरोप धाडला, की शिमग्याआधीचा बुधवार धरला आहे, तयारी ठेवा. तिने तांदूळ काढून ठेवले, नवा लोटा आणला, अंगण सारवलं. हात सगळं करत होते. आत कोणी नव्हतं.

तेराव्या दिवशी दुपारी गुरुजींनी वही पुढे केली आणि रकान्यावर बोट ठेवलं. लीलाबाईने सही केली नाही.

"गुरुजी," ती म्हणाली, "माझ्या पोरीले काही तरी मनू द्या."

गुरुजी घाबरले. "लीलाबाई, आता तो विषय नको. प्रार्थना बंद आहे."

"प्रार्थना नको. देवाचं नको. कोनाच्याच देवाचं नको." मग तिने सांगितलं. हात का नव्हते जोडले ते, नाला, लोटा, हाक, बुधवार, सगळं. बारा वर्षांत ती गुरुजींशी एवढं बोलली नव्हती. "घरात तिचा आवाज नाही. शाळेतच होता. तो तुमीबी नेला, त्यायनंबी नेला. सही माझीच आहे, मी कोनाले बोलत नाही. पन मले तो वापस द्या."

गुरुजींनी चष्मा काढला. "सहा महिने माझ्यासमोर उभी होती," ते म्हणाले. "मला सांगायचं होतं ना."

"तुमी डोरे मिटून राहत होते."

गुरुजींनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "परिपाठात पुढे नाही उभी करता येत. पण हजेरी वर्गात होते. हजेरीला कोणाचा देव लागत नाही."

दुसऱ्या दिवशी मौन झाल्यावर त्यांनी दोन्ही वर्गांची पोरं एका खोलीत बसवली, हजेरीपट दिव्याच्या हातात दिला आणि आपण खुर्चीवर बसले. ती खोली आणि खिचडीची खोली यांत एकच भिंत. लीलाबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, म्हणजे भाताचा आवाज मध्ये यायला नको. पलीकडे शांत. पोरं चुळबुळली, कोणी खोकलं. गुरुजींनी पट परत घेतला नाही. तासभर शाळा तशीच बसून राहिली आणि त्या दिवशी हजेरी झालीच नाही. पटावर काय भरायचं ते गुरुजींनी नंतर आपलं आपण भरलं असणार. ते दुसऱ्या दिवशीही असेच बसले. बिनघोर दोन वर्षं काढायला निघालेला माणूस, त्याने हे का केलं कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला. "उईके रिंकू धनीराम."

"हजर."

"कुंभरे गुड्डू भाऊलाल."

"हजर, ताई."

आडनाव आधी, मग पोराचं नाव, मग बापाचं. एका सुरात, प्रार्थनेसारखंच खणखणीत. एक्केचाळीस नावं झाली. लीलाबाई भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. प्रत्येक नावामागे एक हजर येत होता आणि प्रत्येक हजरला ती मान हलवत होती. घरी पोरगी तशीच गप्प. पण रोज सकाळी एक्केचाळीस नावं.

बुधवारी सगळा टोला नाल्यावर होता. पाणी गुडघ्याएवढंच उरलं होतं. उमेंद्र आला होता, जेवणाला तांदळाची बोरी त्याने दिली होती. चंद्रकुमार आला होता, त्याने फोन खिशातून काढला नाही. गुरुजी शाळा सोडून आले होते आणि लोकांच्या मागे अंग चोरून उभे होते. कवडूने पाण्यात तांदूळ टाकले, आपल्या बोलीत पुटपुटला, आणि दिव्याला पुढे केलं.

"मार हाक, बाई. बापाले बोलाव."

दिव्या पाण्याकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. कवडूने पुन्हा सांगितलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. लीलाबाई नवा लोटा घेऊन पाण्यात उभी होती आणि तिच्या जिभेवर योगराजचं नाव येऊन थांबलं होतं. तिला ते घेता येत नव्हतं. मायच्या हाकेने तो लेकरू होऊन आला असता. तिने दात दाबून धरले. कवडूने आभाळाकडे पाहिलं, सूर्य किती वर आला ते बघितलं, आणि 'राहू दे, पुढच्या साली पाहू' असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात दिव्याने दोन्ही हात पुढे धरले, काहीतरी उघडून धरल्यासारखे. जोडले नाहीत. हजेरीपट धरतात तसे धरले.

"मडावी योगराज सुकराम," ती म्हणाली.

आवाज पलीकडच्या काठापर्यंत गेला. आणि मग सगळे गप्प झाले, कारण प्रत्येक नावानंतर काय यायला पाहिजे हे तिथल्या पोरांना ठाऊक होतं, गुरुजींना ठाऊक होतं, आणि भिंतीला पाठ लावून रोज ऐकणाऱ्या लीलाबाईला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. ती वाट बघत राहिली. कोणी काही म्हटलं नाही. एवढ्या माणसांत त्या एका नावाला हजर म्हणणारा नव्हता. तो गेला, हे लीलाबाईला आज, आत्ता, या पाण्यात कळलं.

"बुडव," कवडू हळूच म्हणाला.

तिने लोटा बुडवला. पाणी थंड होतं. तो गारवा मनगटापासून खांद्यापर्यंत चढला आणि डोळ्यांतून जे वाहू लागलं ते तिने पुसलं नाही, हात रिकामे नव्हते. लोट्यात एक झिंगा आला होता, नखाएवढा, आरपार दिसणारा. कवडूने वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

घराकडे निघाले तेव्हा लीलाबाई पुढे होती, लोटा छातीशी धरलेला. पायवाटेवर तिला नीट दिसत नव्हतं, पाय भराभर पडत होते, पाणी काठावरून लुगड्यावर सांडत होतं. मागून दिव्याने तिचा कोपर धरला.

"हळू चाल ना व, आजी," ती म्हणाली. "बाबा सांडंल."

लीलाबाई हळू चालू लागली.